‘पित्त’ या शब्दाची अर्थव्याप्ती आणि पचनक्रिया

‘मला पित्त झाले आहे’ असे मराठी रोग्याने सांगितले, तर त्याच्या शरीरात नेमके काय बिघडले आहे, याचा बोध त्या वाक्यावरून होत नाही. छातीतील जळजळ, आंबट ढेकर, सकाळची मळमळ, डोके उठणे, इतकेच नव्हे तर अंगावर येणाऱ्या खाजऱ्या गांधी, हे सर्व बोलभाषेत या एकाच शब्दाखाली येते. रागावलेल्या माणसाचेही पित्तच खवळते. परंतु तो विषय निराळा.

शालेय शास्त्रग्रंथांनी ‘पित्तरस’ ही संज्ञा यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या स्रावासाठी योजिली. हा रस पित्ताशयात साठतो व अन्न जठरातून लहान आतड्याच्या आरंभी उतरले म्हणजे तेथे सोडला जातो. स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कण करणे हे त्याचे पचनातील मुख्य कार्य. तो आम्लधर्मी नाही. आम्ल असते ते जठररसात. तेथील पेप्सिन त्या आम्लामुळेच प्रथिनांचे विघटन करू शकते. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा जाड थर असतो, अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. दोहोंमधील स्नायूंचे वलय सैल पडले की आम्ल वर चढते, आणि रोगी म्हणतो, ‘पित्त वर आले.’ पाठ्यपुस्तकातील पित्त व रोग्याचे पित्त हे असे दोन भिन्न अवयवांचे स्राव होत.

यात रोग्याचे अज्ञान पाहणे मला योग्य वाटत नाही. आयुर्वेदात पित्त हे त्रिदोषांपैकी एक; माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे. बोलीने तो व्यापक अर्थ टिकविला. अर्थसंकोच केला तो परिभाषाकारांनी. कोकणात व देशावर अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात, आणि पोटातील पित्तावरही आमसुलाचे सारच देतात. नाव एक म्हणून उपाय एक! गंमत अशी की, गांधी उठविणारे हिस्टामिन जठरातील आम्लस्रावही वाढविते. अर्थात, यावरून दोन्ही विकार एकच ठरत नाहीत.

शब्दाची ही व्यापकता प्रसंगी घातक ठरते. हृदयविकाराची वेदना कित्येकदा छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागी जाणवते. घाम व धाप यांसह आलेली अशी वेदना ‘पित्त’ म्हणून सोडा पिऊन अंगावर काढली जाते. जठरव्रणाचेही तेच. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी 1982 पासून केलेल्या संशोधनाने अशा व्रणांचे एक प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखविले. 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूवर प्रतिजैविकांचा उपचार आहे. तरीही तिखट, जागरण व चिंता यांना बोल लावीत वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या घेणारे आढळतातच. डांबरासारखा काळा मल हे व्रणातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते; ते ‘पित्त’ या शब्दात मावत नाही, म्हणून सांगितलेही जात नाही.

याउलट, पित्तरसाचाच खराखुरा विकार म्हणजे पित्ताशयातील खडे. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी त्यांची कळ रोगी बहुधा ‘गॅस’ म्हणून सांगतो.