सॅक्सोफोनला तबल्याची साथ

मित्रांनो, आधी एक गंमत करा. टाळी देत चार मोजा. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. सोपं आहे ना? वरातीतल्या बँडची पुष्कळ गाणी अशीच चारात बसतात.

आता दहा मोजा, पण असे : एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन-तीन. जरा अडखळलात की नाही? हा झपताल. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्यांना तो लगेच ओळखता येईल.

समजा, जन्मभर बहुतेक चारातच वाजवत आलेल्या एखाद्या वादकाला कुणी अशा अनोळखी तालांत नेऊन उभं केलं तर? १९६५ साली लंडनमध्ये अगदी हेच घडलं. सॅक्सोफोन वाजवणारा होता जमैका बेटावरचा जो हॅरियट, आणि त्याच्या साथीला तबल्यावर होते आपल्या मुंबईचे केशव साठे!

पितळी, पण बासरीच्या घरातला

सॅक्सोफोन तुम्ही बँडमध्ये किंवा सिनेमात पाहिला असेल. मोठ्या हुक्क्यासारखं वळलेलं ते पितळी वाद्य बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी शोधलं आणि १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे अंग पितळेचं असलं, तरी हे वाद्य बासरी-सनईच्या घरातलं मानतात. कारण सनईसारखीच त्याच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते. फुंकर मारली की ती थरथरते आणि सूर निघतो.

हॅरियट हे वाद्य शिकला किंग्स्टन शहरातल्या एका अनाथाश्रमाच्या शाळेत. जन्म १९२८ चा. १९५१ साली तो इंग्लंडला गेला आणि जॅझ वाजवू लागला.

जॅझमध्ये आधी एक धून वाजवतात. मग एकेक वादक ती मनाने फुलवतो, आपले गवई राग फुलवतात तशी. त्या वेळी मागे पियानो, मोठं बेस व्हायोलिन आणि ड्रम यांची साथ चालू असते. ते ठेका धरतात आणि कोणत्या सुरांवर आता जायचं तेही सुचवतात. साथ म्हणजे पायाखालची जमीनच म्हणा ना!

जमीनच काढून टाकली तर?

१९६० साली हॅरियट फुप्फुसाच्या आजाराने दवाखान्यात पडून होता. पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, ठरलेला ठेका नको, ठरलेली सुरांची वाट नको, सगळ्यांनी फक्त एकमेकांचं ऐकत वाजवायचं, असं केलं तर? बरा झाल्यावर त्याने तसं वाजवलंही. 'फ्री फॉर्म' नावाची त्याची रेकॉर्ड त्यातूनच निघाली. अशा संगीताला फ्री जॅझ म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेत ऑर्नेट कोलमन स्वतंत्रपणे याच वाटेने निघाला होता.

जाणकारांनी हॅरियटचं कौतुक केलं. पण लोकांना ते पचेना. कार्यक्रम मिळेनात. कौतुकाने पोट थोडंच भरतं?

पाच अधिक पाच

अशा वेळी त्याची गाठ पडली जॉन मेयर यांच्याशी. हे कलकत्त्याचे. १९५२ साली संगीत शिकायला लंडनला गेलेले, व्हायोलिन वाजवणारे आणि संगीत रचणारे. त्यांनी एक बेत केला. पाच जण जॅझकडचे आणि पाच जण दुसऱ्या बाजूचे. त्या बाजूला सतार, तंबोरा, तबला, बासरी आणि स्वतः मेयर. सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर केशव साठे. साठ्यांचा जन्मही १९२८ चाच, म्हणजे दोघं अगदी एका वयाचे!

१९६६ साली रेकॉर्ड निघाली, 'इंडो-जॅझ स्वीट'. तिच्यातल्या चार रचनांपैकी दोघींची नावं आहेत राग मेघ आणि राग गौड सारंग. मेघ हा पावसाचा राग. पावसाची वाट पाहणं म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यात कुणी कुणाला सांगायला नको!

पण अडचण ध्यानात घ्या. जॅझवाला आपण कुठे आहोत हे ओळखतो ते मागच्या बदलत्या सुरांवरून. इथे तंबोरा एकच षड्ज धरून बसलेला. मेघात तर साधारणपणे ग आणि ध लागतच नाहीत. उरलेल्या पाच सुरांतच फिरायचं. आणि तालाचं चक्र फिरत असताना सम कुठे येते, तेही कानाने पकडायचं. सम चुकली की पंचाईत!

तुम्ही म्हणाल, ज्याने सगळे नियम सोडले, तो इतक्या नियमांत कशाला आला? खरी गोष्ट इथेच आहे. मोकळं वाजवणं म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे. ठेका नसताना सोबत्यांचं जितकं कान देऊन ऐकावं लागतं, तितकंच अनोळखी तालातही ऐकावं लागतं. ती सवय हॅरियटला आधीच होती. म्हणून तर परक्या साथीतही त्याचा सॅक्सोफोन त्याचाच वाटतो.

सगळं लगेच जमलं असं मात्र नाही बरं का. हे तेल आणि पाणी एकत्र ओतल्यासारखं आहे, असंही काहींचं मत पडलं. तरी मंडळी थांबली नाहीत. १९६७ आणि १९६८ मध्ये आणखी दोन रेकॉर्डी निघाल्या. त्यांतली 'आका राग' ही रचना तर पुढे बीबीसीवरच्या एका कौटुंबिक प्रश्नमंजूषेची धून झाली. इंग्लंडमधली मुलं चहा घेता घेता सतार ऐकू लागली!

हॅरियटला याचं सुख फार लाभलं नाही. १९७३ च्या जानेवारीत, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तोही गरिबीत. केशव साठे मात्र पुढेही कितीतरी परदेशी कलावंतांबरोबर वाजवत राहिले. जर्मनीत निघालेल्या 'जॅझ मीट्स इंडिया' या रेकॉर्डवर त्यांचा तबला आहे, तसाच तो इंग्लिश लोकसंगीत गाणाऱ्यांच्या साथीलाही आहे. २०१२ साली ते वारले.

आता तुमची पाळी

आई-बाबांच्या फोनवर 'इंडो-जॅझ स्वीट' शोधा आणि एकच रचना तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त तबल्याकडे कान द्या. दुसऱ्यांदा फक्त सॅक्सोफोनकडे. तिसऱ्यांदा दोघं एकमेकांना कुठे भेटतात ते हेरा. नांदेडच्या मुलांना तर एक सोयही आहे. गुरुद्वाऱ्यात कीर्तन चालू असताना गाणाऱ्याइतकंच तबलजीकडेही लक्ष द्या. तो हाताने वाजवतो खरा, पण त्याचं सगळं ध्यान कानात असतं.

आणि पालकहो, उद्या जेवताना चिरंजीव किंवा कन्या ताटावर बोटांनी दहा मात्रा मोजू लागली, तर लगेच डोळे वटारू नका. दहावी मात्रा होऊ द्या, मग वाढा!