लेकराचा शोक

मरणाच्या घरी मोठ्यांना कामे असतात: माती, राख सावडणे, दहाव्याचा पिंड, तेराव्याचा स्वयंपाक, आणि त्यातून उसंत मिळते न मिळते तोच मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत व वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा; लहान मुलाला मात्र ‘बाबा गावाला गेले’ असे सांगून शेजारी धाडले जाते.

मुरुडमधल्या आमच्या आप्तांकडे बाप वारलेल्या सात वर्षांच्या मुलाला मी जवळून पाहिले. लातूर-बार्शी रस्त्यावर एस.टी. थांबली की तो धावत जाऊन उतरणारी माणसे न्याहाळी; गावाला गेलेला माणूस परत येतो, हाच त्याचा आजवरचा अनुभव होता. अखेर आजीने त्याला पोटाशी घेऊन सांगितले, “तुझा बाप मेला रे लेकरा, आता परत यायचा न्हाई.” तो रडला, आणि घटकाभरात गोट्या खेळू लागला. ‘त्याला अजून कळत नाही,’ असे जमलेल्या बायका म्हणाल्या. मला ते मान्य नाही. बालकाचा शोक सलग नसतो, तो खेळाच्या मध्येच उसळतो आणि सोसवेल तेवढा सोसून पुन्हा खेळात शिरतो. त्याच रात्री त्याने विचारले, “जाळताना बाबाला भाजलं का?” आजी म्हणाली, “मेल्यावर भाजत न्हाई, भूक लागत न्हाई, दुखत बी न्हाई.” मग बऱ्याच वेळाने, फार हळू: “मी त्याच्यावर रुसलो होतो, म्हणून मेला का?” हा प्रश्न ज्या घरात विचारता येत नाही, तेथे मूल तो अपराध वर्षानुवर्षे एकटेच वाहते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंपाने दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली, तेव्हा उघड्या पडलेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले, आणि भारतीय जैन संघटनेने शेकडो मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. अन्नवस्त्राइतकाच मोठा आधार मला तेथल्या सोबतीचा वाटतो, कारण शेजारी झोपणाऱ्याचेही घर पडलेले होते. मुरुडचा हा मुलगा वर्गात एकटाच. म्हणून तो शाळेत परतण्यापूर्वीच गुरुजींनी इतर मुलांना खरी हकिकत सांगून ठेवली, हे फार योग्य केले.

पोळा आला. बैलांची शिंगे दरवर्षी बाप रंगवी. वर्षाच्या आत सण नको, असे भावकीचे मत पडले. आजीने ते मोडून काढून रंगाची डबी नातवाच्या हाती दिली.

“पुढच्या साली कोण रंगवणार?” त्याने विचारले.

“तूच. शेंदूर किती घ्यायचा, चुलता दाखवील.”