‘मध्य’ आणि ‘मध्यक’ : आकलनाची कसोटी व परिभाषेचा प्रश्न

आकड्यांच्या मालिकेचा मध्य काढता आला म्हणजे मध्य ही संकल्पना विद्यार्थ्यास उमगली, असे आपल्या परीक्षापद्धतीत गृहीत धरले जाते. बेरीज करावी आणि एकूण संख्येने भागावे, ही कृती कोणाही सामान्य विद्यार्थ्यास आठवडाभरात साधते. परंतु कृती साधली म्हणून अर्थ साधला असे होत नाही. अमेरिकेत पोलॅट्सेक, लिमा व वेल यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा भेद स्पष्टपणे दिसून आला. लहानमोठ्या दोन गटांच्या सरासऱ्या देऊन एकत्रित सरासरी विचारली असता, महाविद्यालयात शिकणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी त्या दोन सरासऱ्या मिळवून दोनाने भागल्या. गटांत किती जण आहेत याचा विचारच केला नाही. पुढे १९९५ साली मोक्रोस व रसेल यांनी शाळकरी मुलांपुढे उलटा प्रश्न ठेवला. सरासरी दिलेली आहे, तीवरून मूळ किमती रचावयाच्या. तेव्हा काही मुलांनी प्रत्येक वस्तूस तीच सरासरी किंमत लावून टाकली!

मराठी माध्यमाच्या शाळेत या सर्वत्रिक अडचणीत आणखी एकीची भर पडते. ती गणिताची नसून भाषेची आहे आणि म्हणूनच बहुधा तिचा विचार होत नाही.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत प्रथम ‘सरासरी’ हा शब्द येतो. तो फारसीतून आलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा मूळ अर्थाचा, व्यवहारात रुळलेला शब्द होय. माध्यमिक इयत्तांत मात्र त्याच संकल्पनेस ‘मध्य’ हे नाव मिळते व तिच्या शेजारी ‘मध्यक’ आणि ‘बहुलक’ येऊन बसतात. बहुलकाविषयी तक्रार नाही. जे बहुल ते बहुलक, हे नावच सांगते. ‘मध्य’ या शब्दाची गोष्ट निराळी. मध्यरात्र, मध्यभाग, मध्यबिंदू या शब्दांतून मराठी मुलाला ‘मध्य’ म्हणजे दोन्हीकडून सारख्या अंतरावरचे ठिकाण हे कळलेले असते. नागपुरी बोलीत ‘मधात’ म्हणणाऱ्या पारशिवनीच्या मुलालाही तेच कळलेले असते. म्हणजे लोकभाषेत ज्यास मध्य म्हणतात, ते परिभाषेत मध्यकाच्या जवळचे. आणि परिभाषेत ज्यास मध्य म्हणतात, त्याचा मधल्या स्थानाशी काही संबंध नाही. ‘क’ हा प्रत्ययही येथे फारसा उपयोगी पडत नाही. ‘गुण’ आणि ‘गुणक’ यांत त्याने अर्थ बदलतो हे खरे, परंतु ‘बाल’ आणि ‘बालक’ यांत काडीचाही फरक पडत नाही. संस्कृतात हा प्रत्यय पुष्कळदा मूळ अर्थातच लागतो. मग एका ‘क’च्या बळावर दोन भिन्न संकल्पना वेगळ्या ठेवाव्यात, अशी अपेक्षा कोवळ्या विद्यार्थ्याकडून करणे कितपत न्याय्य आहे? दहावीत वर्गीकृत सामग्रीच्या कोष्टकात ‘वर्गमध्य’ येतो. तेथे ‘मध्य’ शब्दाचा अर्थ पुन्हा दोन टोकांच्या बरोबर मधली संख्या असा होतो. त्याच प्रकरणात ‘गृहीतमध्य’ व ‘मध्यक वर्ग’ हेही आहेत.

या गोंधळाचा परीक्षकाला उपयोग करून घेता येतो. पारशिवनी तालुक्यातील एखाद्या गावातील सात शेतकऱ्यांचे कापसाचे उत्पन्न, क्विंटलांत, असे आहे असे समजू : ८, ४, ३५, ५, ७, ५, ६. (आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत.) ‘मध्य काढा’ एवढाच प्रश्न विचारावा. बेरीज ७०, म्हणून बरोबर उत्तर १०. ज्याचे उत्तर ६ येते त्याने संख्या चढत्या क्रमाने लावून मधली उचलली. त्याला मध्यक उत्तम येतो, केवळ नावाने त्याला फसविले आहे. ज्याचे उत्तर ५ येते त्याने लिहिलेल्या क्रमातलीच चौथी संख्या घेतली. त्याला क्रम लावण्याचे प्रयोजन कळलेले नाही. आणि ज्याचे उत्तर १९.५ येते त्याने सर्वांत लहान व सर्वांत मोठी संख्या मिळवून दोनाने भागले, म्हणजे वर्गमध्याची रीत येथे आणली. तिन्ही उत्तरांना शून्य गुण देऊन परीक्षक मोकळा होतो. वास्तविक ती तीन निरनिराळ्या कारणांची लक्षणे आहेत आणि त्यांतील एकीवरच गणिताच्या शिक्षकाने श्रम घ्यावयास हवेत.

याच सात आकड्यांवर पुढचा प्रश्न असा : ३५ च्या जागी १४ असते तर काय बदलले असते? मध्य १० वरून ७ वर येतो, मध्यक ६ चा ६ च राहतो. हे उत्तर न मोजता देता येणे ही आकलनाची खूण होय. सातांपैकी सहा शेतकरी ‘सरासरी’च्या खाली कसे, या प्रश्नाने बुचकळ्यात पडणारा विद्यार्थी भागाकारात निष्णात असला तरी मध्य त्याला कळलेला नाही.

ही गोष्ट वर्गापुरतीच राहत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील वहितीखात्याचे सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर होते. त्याच गणनेत निम्म्याहून थोडी अधिक खाती १ हेक्टरच्या आतली होती आणि २ हेक्टरपर्यंतची खाती एकूण खात्यांच्या ७९.५ टक्के होती. येथे कोणतेही गणित न करता विचारावे : मध्यक १ हेक्टरच्या वर असू शकेल काय? निम्म्याहून अधिक खाती ज्या मर्यादेच्या आत आहेत तिच्या बाहेर मधले खाते असणे शक्य नाही, एवढे ज्याला सांगता आले त्याला मध्यकाचे मर्म कळले. शेतकरी कुटुंबांना पैसेवारीचाही अनुभव आहे. गावाच्या सरासरी पिकाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून ती ठरविली जाते व ५० पैशांच्या खाली-वर होण्यावर अनेक सवलती अवलंबून राहत आल्या आहेत. कालव्याच्या पाण्यावरील मोजक्या शेतांनी गावाची सरासरी वर उचलली, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे बुडालेले पीक त्या आकड्यात दिसत नाही. पेंचच्या पाण्याचा लाभ सर्व गावांना सारखा नसलेल्या पारशिवनीसारख्या तालुक्यात हे उदाहरण पुस्तकी वाटणार नाही.

तथापि मध्य सदोष व मध्यक निर्दोष, अशी उलट समजूत रुजविणेही चुकीचे. शेततळे खणताना तळ उंचसखल राहिला आणि किती माती निघाली हे काढावयाचे असेल, तर ठिकठिकाणच्या खोलीचा मध्यच हवा. मध्यक तेथे कुचकामी. हे उदाहरण आपल्याकडे फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सुमारे ११५०) खातव्यवहारात हीच रीत सांगितली असून मिळणाऱ्या मापास ‘सममिति’ म्हटले आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत, मापे जितक्या अधिक ठिकाणी घ्यावीत तितकी सममिति अधिक अचूक, असे विवरण केले. ‘सममिति’ या नावात संकल्पनेचा सारा अर्थ आहे : उंचवटे खड्ड्यांत लोटून तळ सम करावा, मग जी खोली उरेल ती. आजच्या ‘मध्य’ या नावाने तो अर्थ गमावला आहे.

रूढ परिभाषा एकाएकी बदलणे इष्ट नाही. पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका तीवर उभ्या आहेत. परंतु चाचणी रचताना एक सोपी युक्ती करता येईल. एकच प्रश्न दोनदा विचारावा, एकदा पारिभाषिक शब्द वापरून आणि एकदा तो टाळून. ‘मध्यक काढा’ याच्या जोडीला ‘सातही शेतकऱ्यांना कापसाच्या क्रमाने उभे केले तर मधातल्याचे उत्पन्न किती?’ आणि ‘मध्य काढा’ याच्या जोडीला ‘सर्वांचा कापूस एकत्र करून सारखा वाटला तर प्रत्येकास किती येईल?’ दोन्ही रूपे एकाच दिवशी लागोपाठ देऊ नयेत, अन्यथा एकाचे उत्तर दुसऱ्यास सुचविते. आठवड्याचे अंतर पुरेसे व्हावे. दुसऱ्या रूपात बरोबर व पहिल्यात चूक उत्तरे देणाऱ्यांचा गट वेगळा काढावा. त्या गटास पुन्हा बेरीज-भागाकाराची उदाहरणे घालणे व्यर्थ आहे. त्याला शब्दाचा अर्थ समजावून द्यावयास हवा.