धातू मरत नाही, निजतो

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग हे नाव आपण ऐकले असेल. तेथे मँगनीजची खुली खाण आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाते. खनिज निघून जाते, मात्र त्यासाठी उपसलेली दगडमाती मागे राहते. खाणींचे असे ढिगारे बोडके राहिले, की पावसाळ्यात त्यांची माती नाल्यात, तळ्यात आणि धानाच्या बांधीत उतरते. ती आवरायची कशी?

याचे एक उत्तर शेजारच्या नागपूर जिल्ह्यात सापडले. गुमगावच्या मँगनीज खाणीतील ढिगाऱ्यांवर 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातला प्रेसमड घातला. रोपांच्या मुळांशी रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा ही बुरशी दिली. जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात. बुरशीचे तंतू दूरवरून पाणी आणि स्फुरद ओढून आणतात; काही धातू स्वतःपाशीच अडवून ठेवतात. ओसाड ढिगाऱ्यावर झाडे उभी राहिली आणि मुळांनी माती धरली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सांडपाण्यातली घाण जिवाणू पचवून टाकतात. धातू मात्र मूलद्रव्य, तो संपणार कसा? भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. आमच्या मोहल्ल्यातले कल्हईवाले चाचा पितळ नाहीसे करीत नसत. आंबट पदार्थात ते उतरू नये म्हणून आतून कथलाचा थर देत. सूक्ष्मजीवांचे काम असेच आहे. काही जिवाणू पाण्यात विरघळलेल्या मँगनीजचा प्राणवायूशी संयोग घडवतात. त्यातून न विरघळणारे काळे डायऑक्साइड तयार होते आणि गाळात बसते.

पण कल्हई उडतेही. बांधीत पाणी साचून मातीतली हवा संपली, की दुसरे जिवाणू त्याच डायऑक्साइडमधला प्राणवायू वापरतात आणि मँगनीज पुन्हा पाण्यात मोकळे होते. थोडे मँगनीज पिकाला आणि माणसाला हवेच. अति झाले तर तेच बाधते. दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यातून गेल्यास लहान मुलांच्या मेंदूला धोका संभवतो. म्हणून भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे; दुसरा स्रोत नसेल तर ०.३.

तेव्हा झाडे लावून फोटो काढले, की काम संपत नाही. ढिगाऱ्यावरची झाडी टिकवावी लागते, वाहून येणारा गाळ वरच अडवावा लागतो आणि खालच्या विहिरींचे पाणी दरवर्षी तपासावे लागते. जिवाणू आपले काम पगाराविना करतात. पहारा मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.