पोट घासतंय, जपून!

गाडी घ्यायची ठरली की आपण काय काय बघतो? अॅव्हरेज, रंग, टचस्क्रीन केवढा आहे, सनरूफ आहे का, आणि सेकंड हँड असेल तर किती किलोमीटर पळालीय. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांच्यातलं अंतर, हा आकडा बहुतेक जण बघून न बघितल्यासारखा करतात. त्याची खरी ओळख होते ती एखाद्या बेसमेंटच्या तोंडाशी, खालून 'खर्रर्र' असा आवाज येतो तेव्हा. गाडीतलं गाणं कितीही मोठ्यानं लावलेलं असू दे, तो आवाज सगळ्यांना ऐकू जातोच.

माझ्या ओळखीत पहिली नोकरी लागल्यावर पहिली गाडी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी जुनी सेडान घेतलीय. एसयूव्ही बजेटमध्ये बसत नाही आणि हॅचबॅक घरच्यांकडे आधीच आहे. सेडान दिसते भारी, चालते मस्त. प्रश्न फक्त ती लावायची कुठं, हा. पुण्यात पार्किंग मिळणं हीच मुळात लॉटरी. त्यात ते पोट न घासता मिळणं म्हणजे बंपर लॉटरी. (बंपर हा शब्द इथं मुद्दाम वापरला नाहीये, पण चालेल.)

आधी थोडे आकडे. होंडा सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, स्विफ्टचा १६३, क्रेटाचा १९०, ब्रेझाचा १९८. म्हणजे सेडान आणि छोट्या एसयूव्हीमध्ये फरक जेमतेम दोन-तीन बोटांचा. शिवाय हे आकडे साधारणपणे रिकाम्या गाडीचे असतात. मोठ्या एसयूव्हींवरच्या जीएसटी सेससाठी १७० मिमीची अट होती, तेव्हाही हा क्लिअरन्स रिकाम्या गाडीचाच धरायचा, असं जुलै २०२३मध्ये जीएसटी कौन्सिलनं स्पष्ट केलं होतं. आपण मात्र गाडीत चार मित्र आणि डिकीत ट्रेकच्या बॅगा भरून फिरतो. त्या वजनानं गाडी दोन-तीन सेंटिमीटर, स्प्रिंग जुन्या असतील तर त्याहून जास्त खाली बसते. म्हणजे सिटीचे साडेसोळा सेंटिमीटर प्रत्यक्षात तेरा-चौदावर येतात.

पण नुसत्या उंचीवरून काहीच ठरत नाही, हे मला एका गॅरेजवाल्या काकांनी समजावलं. "गाडी रॅम्पवर घासत नाही, रॅम्पच्या सांध्यावर घासते," ते म्हणाले. सपाट रस्ता संपून उतार सुरू होतो तो सांधा. पुढची चाकं उतारावर गेली, मागची अजून वर आहेत आणि मधलं पोट बरोबर त्या कडेवर आलंय, हा खरा धोक्याचा क्षण. घरी येऊन मी कागदावर काढून बघितलं. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २.६ मीटर अंतर असलेली सेडान घेतली. रॅम्पचा उतार आठास एक, म्हणजे आठ मीटर पुढं गेल्यावर एक मीटर खाली, असा असेल तर त्या कडेवरून जायला पोटाखाली साधारण आठ सेंटिमीटर जागा लागते. निवांत जाते. उतार पाचास एक असला तर लागतात तेरा सेंटिमीटर. म्हणजे एकटे असाल तर निघाल, चौघं असाल तर 'खर्रर्र'.

पेठांमध्ये हे पाचास एक जागोजागी दिसतं. जुना वाडा पाडून तिथं इमारत उभी राहते, खाली पार्किंग. रस्ता आणि इमारत यांच्यात जागा किती? दीड मीटर. तेवढ्यात रस्त्यापासून फूटभर उंच पार्किंगच्या फरशीवर चढायचं. बिल्डरचाही नाइलाज, कारण चढ लांबवायला जागाच नाही. वरून दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, तसं सगळं गणित पुन्हा बदलतं. काही जुन्या सोसायट्यांमध्ये तर आता रस्ताच आतल्या अंगणापेक्षा वर गेलाय आणि गेटमध्ये एक उलटा उतार तयार झालाय, जो कुणीच आखलेला नव्हता.

स्पीड ब्रेकरची गोष्ट तर त्याहून गमतीशीर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकातला गोल स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढा रुंद असल्यामुळे अख्खी सेडान त्याच्यावर उभी राहू शकते. तिची चारही चाकं त्यावर असताना मधला भाग चाकांपेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर वर असतो. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला ब्रेकर कुठल्याही धड सेडानला लागायलाच नको. घासतात ते सोसायटीनं उरलेल्या सिमेंटमधून घातलेले, हातभर रुंदीचे वरवंटे. त्यांची उंचीही दहाच सेंटिमीटर असली तरी ते दहाच्या दहा पोटाखाली येतात. आणि त्यांचा त्रास फक्त सेडानवाल्यांना होत नाही, स्कूटीवर मागं बसलेल्या आजीलाही होतो.

हे सगळं एका मित्रामुळे माझ्या डोक्यात शिरलं. तो कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंग बेसमेंटमध्ये, रॅम्प अगदी बरा. पण रॅम्पच्या तोंडाशी सोसायटीनं चार बोटं उंच सिमेंटचा उंबरा घातलाय, पावसाचं पाणी खाली जाऊ नये म्हणून. वरचं गणित लावा. कडेचे आठ सेंटिमीटर, त्यात उंबऱ्याचे सात-साडेसात. झाले पंधरा-साडेपंधरा. तो एकटा असला की गाडी जीव मुठीत धरून जाते. साताऱ्याहून आई-बाबा आले की दोघांना रस्त्यावर उतरवावं लागतं. आईचे गुडघे दुखतात, पण लिफ्ट मागच्या बाजूला असल्यामुळे तिला तो उतार चालत उतरून जावा लागतो. मागच्या पावसाळ्यात घाईत तो सगळ्यांना घेऊन तसाच गेला आणि ऑइलचा चेंबर फुटला. रॅम्पभर काळं तेल, टो व्हॅन आणि ईएमआयपेक्षा मोठं बिल. तेव्हापासून गाडी दोन गल्ल्या सोडून रस्त्यावर असते. तिथं सम-विषम तारखांचं पार्किंग आहे, म्हणजे रोज रात्री बाजू बदलायची. बेसमेंटमधल्या जागेचे पैसे भाड्यात चालूच आहेत.

उंबरा फोडून टाका म्हणणं सोपं आहे. मी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांशी बोलले. त्यांनी मला थेट खाली नेऊन मीटरची खोली दाखवली. "इथं पाणी शिरलं तर अख्खी बिल्डिंग अंधारात. २०२४ला एकतानगरीत काय झालं ते बघितलंत ना?" त्यांचं चूक नाही. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्याच्या त्या भागातल्या सोसायट्यांमध्ये नदीचं पाणी घुसलं होतं आणि त्यानंतर पार्किंगच्या तोंडाशी काहीतरी आडवं घालावं असं वाटणं साहजिक आहे. फक्त ते बाराही महिने सिमेंटचंच असलं पाहिजे असं नाही. दोन्ही भिंतींना खाचा करून पावसाळ्यात त्यात फळ्या सरकवायच्या आणि एरवी काढून ठेवायच्या, अशी सोय करता येते. किंवा तोच उंबरा दोन्ही बाजूंनी हळूहळू चढता-उतरता करून रस्त्याच्या सपाट भागात पुढं सरकवला, तर उंची तीच राहून पोट वाचतं. अडतं ते उंबरा आणि उताराची कड एकाच जागी आल्यामुळे.

मग सध्या करायचं काय? सेडानवाल्यांचे काही जुगाड खरोखर चालतात. कडेवरून तिरकं जाणं हा त्यातला सगळ्यात जुना. एका वेळी एकच चाक चढतं किंवा उतरतं, त्यामुळे कड तेवढी धारदार राहत नाही. पण तिरकं व्हायला रॅम्प रुंद हवा. एकेरी, दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या रॅम्पवर हे जमत नाही. फुटपाथला काटकोनात गाडी लावायची असेल तर रिव्हर्स लावा. पुढच्या बंपरची खालची ओठाळी मागच्यापेक्षा बहुतेक वेळा खाली असते आणि फुटपाथची कड १५ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. ती कड कमी करा असं मी अजिबात म्हणणार नाही, ती पायी चालणाऱ्यांसाठी आहे आणि आहे तेवढीच ठीक आहे. अनोळखी बेसमेंटमध्ये शिरण्याआधी रॅम्पच्या कडेकडे बघा. तिथं ओरखड्यांचे काळे-पांढरे पट्टे दिसले तर समजायचं, आपले पूर्वज इथून गेलेत.

नदीपात्रातली सपाट जागा बघून सेडानवाल्यांना मोह होतो. पण खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बुटक्या गाडीत पाणी आधी शिरतं.

आणि स्प्रिंग कापून गाडी मुद्दाम खाली बसवणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नं मूळ रचनेत असे बदल करण्यावर मर्यादा घातल्यात, ते एक. शिवाय रॅम्पवर मागं पाच गाड्यांची रांग लावून, रीलसाठी इंचाइंचानं उतरणं बघायला कुणाला वेळ आहे?

एका ठिकाणी मात्र सेडानचा भाव वधारतो. गाडीवर गाडी ठेवणाऱ्या मेकॅनिकल पार्किंगमध्ये काही मजल्यांची उंची कमी असते. १६३५ मिमी उंचीची क्रेटा जिथं बसत नाही, तिथं दीड मीटरच्या आतली सेडान आरामात बसते. फक्त लोखंडी पॅलेटच्या मधला उंचवटा आणि चढायची कड आधी बघून घ्या, तिथंही पोट टेकू शकतं. नव्या इमारतीत फ्लॅट भाड्यानं घेताना ब्रोकरला 'पार्किंग आहे का' एवढंच विचारू नका. चौघं गाडीत बसा आणि एकदा खाली जाऊन या. ब्रोकरलाच चौथा करा.

मित्राच्या सोसायटीत फळ्यांचा विषय मांडून झालाय. भाडेकरूला मत नसतं, म्हणून त्यानं घरमालकाकडून पत्र आणलं. सेक्रेटरी काकांनी फॅब्रिकेटरचं कोटेशन मागितलंय आणि खर्च कुणी करायचा यावर पाऊण तास चर्चा झाली. पुढची मीटिंग गणपतीनंतर आहे. आज तारीख विषम आहे, त्यामुळे गाडी मेडिकलच्या बाजूला लावलीय.