मंगळावरचा घोळ आणि नारायणगावचा टोमॅटो

‘डेव्हलपमेंट मिळालं नाही, म्हणून टेस्टिंगला आलो,’ असं जरा खालच्या आवाजात सांगणारे हिंजवडीत ढिगानं भेटतात. तुम्हीही त्यातलेच असाल, तर एक वीकेण्ड जुन्नर-आंबेगावकडे काढाच. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. पण करिअरचा एक झकास धडा तिथे चक्क शेतांमध्ये उभा आहे.

पुणे-नाशिक हायवेवर मंचर मागे पडलं की नारायणगाव आणि तिथून आत वळलं की खोडद. इथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण पुण्याची एनसीआरए संस्था चालवते.

१९ ऑक्टोबर २०१६. रात्री आठनंतर आपण टीव्हीसमोर ताट घेऊन बसलो होतो, तेव्हा खोडदच्या डिश मंगळाकडे कान लावून होत्या. युरोपियन स्पेस एजन्सीचं ‘स्कियापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरत होतं. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण सिग्नल इथे ऐकू येत होता. यान टेकायच्या जरा आधी तो थांबला.

२०१७ मध्ये चौकशी अहवाल आला. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात हेलकावलं. त्याचं फिरणं मोजणारं उपकरण मर्यादेच्या टोकाला पोचलं आणि अपेक्षेपेक्षा जास्त वेळ, साधारण एक सेकंद, तिथेच अडकलं. त्या आकड्यावरून सॉफ्टवेअरनं उंची काढली, ती आली निगेटिव्ह. म्हणजे यान जमिनीच्या खाली! सॉफ्टवेअरनं ते खरं मानलं, पॅराशूट सोडून दिलं, ब्रेकची इंजिनं जेमतेम पेटवून बंद केली. यान तेव्हा होतं सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर. पुढचं सांगायला नको.

‘उंची निगेटिव्ह आली तर काय करायचं?’ टेस्टिंगमधला प्रत्येक फ्रेशर पहिल्या महिन्यात हेच शिकतो. वयाच्या रकान्यात वजा एक टाकून बघ, हजार टाकून बघ. त्याला ‘बाउंड्री व्हॅल्यू’ म्हणतात. बोअरिंग वाटतं ना? हाच प्रश्न नीट न सुटल्यामुळे एक यान गेलं.

क्यूए म्हणजे नुसतं टेस्टिंग नव्हे

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये क्रेटमधला डागी माल बाजूला काढला जातो. ते झालं टेस्टिंग. पण डाग पडूच नये म्हणून शेतकरी रोप निवडतो, ठिबकचं पाणी बघतो, फवारणीची वेळ सांभाळतो. ती क्वालिटी अॅश्युरन्स. ज्याला फक्त क्रेट दिसतो तो तिथेच राहतो. ज्याला शेत दिसतं तो पुढे टेस्ट लीड होतो, क्यूए मॅनेजर होतो. म्हणून कोड लिहिण्याआधीच्या मीटिंगमध्ये बसा. रिक्वायरमेंट वाचतानाच शंका काढा. तेव्हाची एक शंका नंतरच्या दहा बगांपेक्षा स्वस्त पडते.

माझी एक मैत्रीण ओतूरची. आठ वर्षं क्यूएमध्ये, सध्या एका पेमेंट अॅपच्या टीममध्ये. आळेफाट्यावर चहा घेताना ती म्हणाली, ‘अगदी शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असतं. सगळे माझ्याकडे बघतात. किरकोळ बग आहे, साइन-ऑफ दे ना! मी विचारते, किरकोळ कुणाला? आमच्याकडे रेंज जाते-येते. पैसे पाठवताना रेंज गेली तर दोनदा कापले जातात का, हे मी आधी बघितलं. कापले जात होते. ऑफिसच्या वायफायवर ते कुणाला दिसलंच नसतं.’

‘मग?’

‘मग काय, रिलीज सोमवारवर गेलं. त्या दिवशी मी कुणाचीच लाडकी नव्हते. आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये न झालेल्या गोंधळाचा रकाना नसतो गं!’

खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. या कामात यश दिसत नाही, फक्त अपयश दिसतं. त्यामुळे समाधान हवं असेल तर ‘नाही’ म्हणण्याची ताकद कमवावी लागते, आणि ती पुराव्यावर येते.

मग करायचं काय?

बग रिपोर्ट असा लिहा की वाचणाऱ्याला तुम्हाला फोन करावा लागू नये: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

ऑटोमेशन शिका. सेलेनियम हे टूल २००४ मध्ये जन्मलं तेच मुळी त्याच त्या चाचण्या हातानं करून कंटाळलेल्या एका प्रोग्रॅमरमुळे. जावा किंवा पायथन यांपैकी एक भाषा पक्की करा.

सर्टिफिकेट हवं तर आयएसटीक्यूबी फाउंडेशन द्या. ४० प्रश्न, एक तास, पास व्हायला ६५ टक्के. दार उघडायला उपयोगी, पण आत टिकायला डोकंच लागतं.

आणि एआय? टेस्ट केस आता तोही लिहितो. लिहू दे. ओतूरची रेंज तो स्वतःहून आठवेल याची खात्री नाही. त्याच्या उत्तरावरही कुणीतरी शंका घ्यायलाच हवी.

स्कोपही लहान नाही. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या ‘एसकेए’ या प्रचंड दुर्बिणीची कंट्रोल यंत्रणा डिझाइन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएनंच केलं होतं. असं सॉफ्टवेअर तपासणारेही लागणारच की!

खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन भरतं, तेव्हा जा. मोबाइल मात्र बंद ठेवा. त्याच्या लहरींचा दुर्बिणीला त्रास होतो. आणि तिथे कुणी विचारलं, ‘काय करता?’, तर ‘टेस्टिंगला आहे’ हे जरा मोठ्यानं सांगा.