ताई, पहिला भाग कुठला?

आमच्या टीममध्ये सध्या एक इंटर्न आलाय. सांगलीचा, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ‘मॅम म्हणू नकोस’ म्हटलं, तर थेट ‘ताई’वर आला! त्याचे काही वर्गमित्र फुकटात इंटर्नशिप करतायत, याला मात्र स्टायपेंड मिळतो. पीजीचं भाडं आणि मेसचे पैसे भागवून उरलेल्यातून त्याला पुस्तकं घ्यायचीत. परवा लंचला विचारलं, ‘‘ताई, नार्नियाचे सात भाग आहेत. पहिला कुठला?’’

दिसतो तेवढा सोपा प्रश्न नाही हा. सी. एस. लुईसचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ आलं १९५० मध्ये. नार्नियाच्या जन्माची गोष्ट सांगणारं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ आलं १९५५ मध्ये, सहाव्या नंबरावर. पण १९९४ मध्ये हार्परकॉलिन्सने कथेतल्या काळाप्रमाणे नंबर बदलले आणि सहावं पुस्तक चक्क पहिलं झालं! खुद्द लुईसने १९५७ मध्ये एका छोट्या वाचकाला लिहिलं होतं, की कालक्रम त्यालाही बरा वाटतो. पण क्रमाने फारसा फरक पडत नसावा.

मला विचाराल तर पडतो. कपाटातून आत शिरलेल्या ल्युसीला बर्फाळ जंगलात दिव्याचा खांब दिसतो. हा इथे कुणी लावला? हे कोडं डोक्यात घेऊन पुढची पुस्तकं वाचण्यात खरी गंमत आहे. ‘नेफ्यू’ आधी वाचलंत, तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर! पुस्तक दहादा वाचता येतं, पण पहिल्यांदा फक्त एकदाच.

इंटर्नला त्याच्याच भाषेत सांगितलं, ‘‘कोडमधली कुठली फाइल कशावर अवलंबून आहे, ते बघतोस ना? तसंच बघ. हे पुस्तक तुला आधीपासून काय माहीत आहे असं धरून चालतं?’’

हा फंडा इतर मालिकांनाही लागू पडतो.

डिस्कवर्ल्ड: टेरी प्रॅचेटच्या ४१ कादंबऱ्या, १९८३ ते २०१५. आकडा बघून घाबरू नका. पोलिसांच्या गोष्टी हव्या असतील तर ‘गार्ड्स! गार्ड्स!’, साक्षात मृत्यू हिरो हवा असेल तर ‘मॉर्ट’पासून सुरुवात करा.

विचर: आधी ‘द लास्ट विश’ आणि ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’ हे दोन कथासंग्रह, मगच ‘ब्लड ऑफ एल्व्ज’ ही कादंबरी. इंग्रजीत ही कादंबरी २००८ मध्येच आली आणि ‘सोर्ड’ २०१५ मध्ये. गेराल्ट आणि सिरीचं नातं जुळतं ते नेमकं त्या मधल्या पुस्तकात!

व्हील ऑफ टाइम: मुख्य भाग १४. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेल्यावर ब्रँडन सँडरसनने २०१३ मध्ये मालिका पूर्ण केली. ‘न्यू स्प्रिंग’ ही पूर्वकथा आहे, पण सुरुवात तिथून नको. ‘द आय ऑफ द वर्ल्ड’पासून करा.

आणि हो, सेलमध्ये चकचकीत बॉक्स सेट दिसला की लगेच कार्ड काढू नका. आधी एकच भाग घ्या. तो संपायच्या आत दुसऱ्याची चौकशी सुरू झाली, तर समजा मालिका तुमची!